घरी शिवलेली जीन्स : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझी कंबर बारीक आणि मांड्या भरलेल्या. तयार जीन्स मांडीत बसली की कमरेला मागे हात जाईल एवढी फट पडते. पट्टा आवळला तर चुण्या येतात. साधी पँट शिवता येते, मशीन घरचंच आहे. जीन्स शिवायला घेऊ का?

घ्याच! घरी जीन्स शिवण्याचं याहून पक्कं कारण मला माहीत नाही. तयार जीन्स बेतताना कंबर आणि सीट यांच्यातला फरक ठरावीक धरलेला असतो. तुमचा फरक त्याहून जास्त आहे, एवढंच. तुमच्या शरीरात काही चुकलेलं नाही.

जीन्सला मागे डार्ट (आकार देण्यासाठी शिवलेली निमुळती चुणी) नसतात. ते काम योक करतो, म्हणजे कमरपट्टीच्या खाली मागच्या बाजूला लावलेला तो तिरपा तुकडा. डार्टचा सगळा आकार त्याच्या खालच्या शिवणीत मुरवलेला असतो. म्हणून फिटिंग करायचं ते योकमध्येच. मला हा तुकडा संबंध जीन्समधला सगळ्यात हुशार भाग वाटतो.

आधी तेवढ्याच जाडीच्या, न ताणणाऱ्या साध्या कापडाची नमुना पँट शिवा. खिसे नकोत, चेन नको. पुढा, पाठ, योक आणि कमरपट्टी एवढंच, तेही मशीनच्या सगळ्यात लांब टाक्याने. ती घालून मागची फट चिमटीत धरा आणि टाचण्या लावा. समजा, एकूण ४ सेंमी जास्त आहे. ते सगळं मधल्या शिवणीत घेऊ नका, नाहीतर मागचे खिसे एकमेकांकडे झुकतात. थोडं मधल्या शिवणीत घ्या, उरलेलं दोन योकमध्ये वाटा. त्यासाठी कागदी योकला वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत चीर द्या, पण खाली केसभर कागद जोडलेला राहू द्या. वरची कड एकमेकींवर सरकवून चिकटवा. खालची कड होती तेवढीच राहते, त्यामुळे पाठीच्या तुकड्याशी ती बिनतक्रार जुळते.

कमरपट्टीसुद्धा सरळ कापू नका, गोलाईतच कापा. सरळ पट्टी अशा कमरेवर पुन्हा उभी राहते आणि योकवर घेतलेली मेहनत वाया जाते.

नमुना घालून खुर्चीवर बसा, वाका. बसल्यावर मागून खाली ओढली जात असेल तर मागच्या आसनाची, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतच्या मधल्या शिवणीची, लांबी कमी पडते आहे. मधल्या शिवणीपाशी योकची वरची कड वाढवा. आरशासमोर उभं राहून हे कळत नाही. खऱ्या कापडात बाजूच्या शिवणीला २.५ सेंमी माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडा आणि ती शिवण शेवटी घ्या. मांडीच्या आतल्या शिवणीवर दुहेरी टीप पडली की तिथे फारसं काही बदलता येत नाही, बाजूला मात्र अजून वाव असतो.

प्रश्न : माझं मशीन डेनिमवर टाके सोडतं. योकपाशी जाड शिवण आली की सुई मोडते. मोठं मशीन घ्यावं लागेल का?

आधी सुई बदला. जीन्ससाठीची १००/१६ नंबरची सुई टोकदार आणि ताठ असते, घट्ट विणीत वाकत नाही. वरच्या दिसणाऱ्या टिपेचा जाड दोरा फक्त वर लावा, बॉबिनमध्ये नेहमीचाच असू द्या. टाका ३.५ ते ४ मिमी ठेवा आणि वरचं टेन्शन किंचित वाढवा. दोरा पिंजत असेल तर मोठ्या नेढ्याची टॉपस्टिच सुई लावा.

आता जाड शिवणीचा तो उंचवटा. माझ्या टेबलावर कात्रीशेजारी हातोडी कायम असते. दोन शिवणी जिथे एकमेकींना छेदतात तिथे आतली लपलेली माया कापून कमी करा, मग कापडाचा तुकडा वर ठेवून तो भाग ठोकून चपटा करा. उंचवटा चढताना मशीनचा फूट पुढून वर उचलला जातो, तिरका होतो, आणि टाके तिथेच सुटतात. फुटाच्या मागच्या बाजूखाली डेनिमची तेवढ्याच जाडीची घडी सरकवा, म्हणजे फूट सपाट राहील. उतरताना तीच घडी पुढे ठेवा. एवढे टाके हाताने चाक फिरवून घ्या. कापड मागून ओढू नका. ओढलं की सुई वाकते, खालच्या प्लेटवर आपटते आणि मोडते.

प्रश्न : कापड किती औंसाचं घ्यावं? आधी धुवावं का?

घरच्या मशीनला १० ते १२ औंस चांगलं (हे एका चौरस यार्डाचं वजन). धुवायचं तर नक्कीच. कडांना झिगझॅग मारा, आणि जीन्स जशी पुढे धुणार असाल तशीच आधी कापड धुवा. नेहमीच्या डेनिममध्ये उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे पांढरे असतात. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच बसतो, म्हणून तो हाताला आणि इस्त्रीच्या कापडालाही लागतो. ते इस्त्रीचं कापड वेगळंच ठेवा.

प्रश्न : रिवेट (खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकलेल्या धातूच्या टिकल्या) लावलेच पाहिजेत का?

नाही. जेकब डेव्हिस या शिंप्याने खिशांचे कोपरे उसवू नयेत म्हणून ते लावले आणि लेव्ही स्ट्रॉस यांच्यासोबत २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. आज पक्क्या दोऱ्याने अरुंद, दाट झिगझॅग मारलं तरी कोपरा टिकतो. हौस असेल तर जरूर लावा, पण सगळ्या टिपा मारून झाल्यावरच. आधी ठोकलेत तर कमरपट्टी जोडताना सुई नेमकी त्यांच्यावर जाते.