चारशे साखळ्यांची वाट

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू नाटककार देवलांवरच्या तुझ्या पायी फेरीच्या कार्यक्रमाची फाइल घेऊन आलीस, ती टेबलावर आपटलीस आणि म्हणालीस, "अण्णा, सांगलीत देवलांचं काहीच उरलेलं नाही. लोकांना चालवत न्यायचं तरी कुठं?" काकूनं टाकलेला चहा तसाच ठेवून गेलीस. तुझा रडवेला चेहरा आठवून रात्री मला झोप लागली नाही, आणि पहाटे उठल्यावर तुझा रागही आला. दोन्ही खरं आहे, म्हणून हे पत्र.

आधी राग. तूच सांगितलंस ते परत सांगतो. सकाळी नऊला भावे नाट्यगृहापासून स्कूटीवर निघालीस. गणपतीचं देऊळ, घाट, बागेतला गणपती, हरिपूर, संगमेश्वर. प्रत्येक ठिकाणी फोटो. पावणेअकराला घरी. पावणेदोन तासांत आख्खे देवल! अगं, माझी चाळीस वर्षं मोजणी खात्यात गेली. एका बांधाच्या दोन दगडांमधलं अंतर काढायलाही आम्हाला याहून जास्त वेळ लागायचा.

आमच्याकडं एक नियम होता. कागदावर तो कुठं लिहिलेला नव्हता, जुने मोजणीदार तोंडानं शिकवायचे: जागेवर गेल्याशिवाय टिपण, म्हणजे मोजणीची नोंद, लिहायचं नाही. हातातली साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. ती जमिनीवर पडली पाहिजे आणि तिच्यामागं आपले पाय चालले पाहिजेत. मी हा नियम एकदा मोडला. वैशाखाचं ऊन होतं, शेवटचा पट्टा ओढ्यापलीकडं होता, आणि दोघं सख्खे भाऊ म्हणाले, "साहेब, तिकडचं आम्हाला मान्य आहे, लिहा तुम्ही." मी झाडाखाली बसून लिहिलं. पुढं अकरा वर्षं ते दोघं कोर्टात होते. धाकटा वारला तेव्हा थोरला मातीला गेला नाही. त्या गावावरून एसटी जाते तेव्हा मी अजून दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघतो.

म्हणून सांगतो, जागेवर जा. तू गेलीस, पण जागेवर गेली नाहीस.

गणपतीच्या देवळापासून हरिपूरच्या संगमेश्वरापर्यंत चारेक किलोमीटर वाट आहे. माझ्या हिशेबानं चारशे साखळ्या. जाताना कृष्णा उजव्या हाताला असते. कधी दिसते, कधी नुसता गारवा लागतो. स्कूटीला हे बारा मिनिटांचं काम. पायाला तास लागतो, माझ्या पायाला सव्वा तास. गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली हरिपुरात जन्मले. त्या काळातल्या पोराला सांगलीत यायचं तर ही वाट पायांनीच तुडवावी लागणार, त्याला दाखला कशाला हवा? वाडा पडतो, माणूस जातो, तसबिरीला वाळवी लागते. अंतर तेवढं उरतं. तुला पाटी सापडली नाही म्हणून तू रडतेस, आणि चार किलोमीटरचा अस्सल पुरावा स्कूटीच्या चाकाखालून गेला तो तुला दिसला नाही.

आता तुझ्या फाइलबद्दल. नकाशात तू आयर्विन पूल घातला आहेस, फोटो छान येतो म्हणून. पूल १९२९चा. देवल १९१६ साली गेले. त्यांनी तो पाहिलेला नाही. तो काढ, नाहीतर "हा पूल त्यांच्या वेळी नव्हता" हे दाखवायला ठेव. तेही चालेल, उलट ते जास्त चांगलं. दुसरं, पान चारवर तू हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरून थेट लग्नाच्या हळदीवर आणि तिथून देवलांच्या 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या लग्नावर उडी मारली आहेस. वाचायला गोड आहे, पण ओढूनताणून आहे. पेवांबद्दल सांगायचंच असेल तर पेव कसं असतं ते सांग: जमिनीत खोल खणलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं. उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही, आधी कंदील सोडून बघतात. २००५च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं ते सांग. देवलांना त्या पेवात ढकलू नकोस.

तिसरं, "पारावर बसून देवलांनी शारदा लिहिलं." हरिपुरात असं सांगतात. तू "लिहिलं" म्हणून छापू नकोस, "सांगतात" म्हणून छाप. आमच्या मोजणीत माणसाचा जबाब वेगळा आणि जमिनीवरची खूण वेगळी. जबाबालाही किंमत असते, पण तो जबाब म्हणूनच नोंदवायचा.

हे तुला इतकं ठासून सांगायचं कारण लाजिरवाणं आहे. वीस-पंचवीस वर्षं मी रंगभूमी दिनाला जिथं बोलावतील तिथं सांगत फिरलो की आपल्या 'शारदा' नाटकाचा परिणाम असा झाला, की बालविवाहाच्या कायद्याला त्याचंच नाव पडलं, शारदा कायदा. टाळ्या मिळायच्या. एकदा नववीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, तो हरबिलास सारडांच्या नावाचा आहे. अजमेरचे हरबिलास सारडा, १९२९चा कायदा, मुलीला चौदा आणि मुलाला अठरा ही वयं. नाटक १८९९चं. नाटकानं लोकांची मनं हलवली हे खरं, पण नावाचं मी नुसतं ऐकलं होतं. झाडाखाली बसून लिहिलेलं दुसरं टिपण. त्या पोराला मी तेव्हा खाली बसवलं. त्याचं नावही विचारलं नाही.

आणि तू खांडेकरांचं म्हणालीस. "देवल कुणाला माहीत नाहीत, खांडेकर घेऊ का? ज्ञानपीठ आहे." खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले, अभिमान आहेच. पण १९२० ते १९३८ हा माणूस शिरोड्याला मास्तर होता आणि नंतर कोल्हापुरात. खांडेकर चालायचे असतील तर शिरोड्याला जा, शाळेपासून समुद्रापर्यंत चाल, वाळूत पाय किती रुततात ते बघ. जास्त टाळ्यांसाठी लेखक बदलायचा नसतो.

देवलच का, हे मात्र तुझ्याशी एकदा नीट बोलायला हवं होतं. त्यांची नाटकं सात. मृच्छकटिक शूद्रकाचं, झुंझारराव शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून, संशयकल्लोळाचं मूळ मोलिअरपर्यंत जातं. दुसऱ्याचं घेऊन आपलं करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीत घडलेला माणूस. पुढं किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्वांसारख्यांना त्यांनीच शिकवलं. पण सातातलं एकच पूर्ण स्वतःचं, आणि ते शारदा. त्यासाठी त्यांनी दुसऱ्याचं नाटक उघडलं नाही, आजूबाजूला पाहिलं. पैशाच्या जोरावर बाशिंग बांधायला निघालेले म्हातारे, पोरीचा सौदा करणारे बाप, दलालीवर जगणारे भद्रेश्वर दीक्षित. हे ग्रंथालयात सापडत नाही. देवल जागेवर गेले. मग त्यांच्यावर कार्यक्रम करणाऱ्यानं स्कूटीवरून खाली उतरू नये?

मी स्वतः तरी कधी उतरलो? तिशीत आमच्या हौशी मंडळात मी शारदेतला म्हातारा नवरदेव, भुजंगनाथ, करायचो, मिशा पांढऱ्या रंगवून. तालमीला रोज लुनावरून. हरिपूर घरापासून चार किलोमीटर, पण पायी पहिल्यांदा गेलो तो निवृत्तीनंतर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, श्रावणी सोमवारी, यात्रेच्या गर्दीत. पाराजवळ टेकलो. चपलेचा अंगठा तुटला होता. भाजी निवडत बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "कुणाकडं आलाय?" हा प्रश्न मोटारसायकलवाल्याला कुणी विचारत नाही, पोरी. मी ओशाळून म्हणालो, असंच, देवलांचं गाव बघायला. तिला देवल लगेच लागले नाहीत. मग म्हणाली, "ते थेरड्याच्या लग्नाचं? माझी आज्जी बघून आलती. पोरीचं नाव निघालं की रडायची." एवढंच. मग तिनं मला पाणी दिलं आणि माझ्या तुटक्या चपलेत सुतळी ओवून दिली. ते वाक्य मी वहीत उतरवलं. इतकी वर्षं भुजंगनाथाच्या टाळ्या घेतल्या, त्यात मला हे एक वाक्य मिळालं नव्हतं.

तू विचारलंस, "मग तुम्ही पुस्तक का नाही लिहिलं?" मी म्हणालो, पुरात वह्या गेल्या. २०१९ला आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. पंचेचाळीस ही धोक्याची पातळी. आमच्या गावभागातल्या घरात तळमजल्याच्या दाराची वरची कडीही दिसत नव्हती. वह्या खालच्या फडताळात होत्या. हे सगळं खरं आहे. पण तीन वह्यांपैकी दोन कोऱ्याच होत्या, हे मी तुला सांगितलं नाही. काकूला माहीत आहे, ती बोलत नाही. घरचं आजारपण होतं, नातवंडं होती, गुडघे होते. कारणं खोटी नव्हती. आणि खरं सांगू, मला भीती वाटायची की चालून चालून माझ्या हातात फक्त एका म्हातारीचं वाक्य येईल आणि लोक विचारतील, बस्स, एवढंच? आता वाटतं, विचारू द्यायचं होतं.

तर नोव्हेंबरच्या कार्यक्रमाचं. पाच नोव्हेंबर, रंगभूमी दिन, म्हणजे विष्णुदास भाव्यांनी १८४३ला सीतास्वयंवर नाटक केलं तो दिवस. त्या दिवशी गावात पाहुणे, पदक, हारतुरे असतात. त्या गर्दीत तू पन्नास जणांना घेऊन फिरू नकोस. दहा जण पुरेत. दोन ठिकाणी थांब, सात ठिकाणी नको. माइक नको. निघताना प्रत्येकाला एक वही दे आणि सांग, हरिपुरात पोचेपर्यंत कुणी काही विचारलं तर ते लिहून घ्या, आपण काय सांगितलं ते नको. पारावर निदान अर्धा तास गप्प बसा. पलीकडून वारणा येऊन मिळते ती बघा. कंटाळा येईल. येऊ दे. तुझ्या पिढीला कंटाळ्याची एवढी धास्ती का, हे मला कळत नाही, पण माझी पिढी लुनावरून पळत होतीच, म्हणून जास्त बोलत नाही.

त्याआधी एकदा तू आणि मी. येत्या रविवारी सकाळी सहाला गणपतीच्या देवळासमोर ये. स्कूटी घरी. चप्पल नको, बूट घाल. भडंग मी आणतो, पाण्याची बाटली तू आण. मी सावकाश चालतो, पुढं पळायचं नाही. हरिपुरात कुणी "कुणाकडं आलाय?" विचारलं तर या वेळी मी बोलणार नाही, तू बोल.

परत येताना मात्र मी वडापच्या जीपनं येईन. पाऊणशे वय झालं माझं, भुजंगनाथाएवढं, आणि आता मिशाही रंगवाव्या लागत नाहीत. तू चालत ये. आणि हे काकूला सांगायचं नाही, तिला मी दोन्हीकडून चालणार म्हणून सांगितलं आहे.

तुझा,
अण्णा