एफ१ झाडाचं बी पेरलं की असंच होतं

सेंट्रोअमेरिकानो या कॉफीच्या वाणाची म्हणून तुम्ही चारशे रोपं आणली, तिसऱ्या वर्षी त्यातली शंभरेक बाकीच्यांना मागे टाकून वर गेली, काहींच्या पानांखाली तांबेऱ्याची (हा बुरशीचा रोग) केशरी पूड, तर शेजारच्याच झाडावर डाग नाही, आणि रोपवाटिकावाले म्हणतात "जमीन सारखी नसेल". तुमची पोस्ट वाचली आणि जुनी खपली निघाली. आमच्याकडेही हेच दुखणं होऊन गेलंय. तीन वर्षं बाग राखली आहे म्हणजे खत-पाणी-सावली तुम्हाला येतंच, त्यामुळे त्यात शिरत नाही. जमिनीचा इथे काही संबंध नाही. तुम्हाला एफ१ (दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी) नव्हे, एफ१ झाडाखाली वेचलेल्या बियांची रोपं मिळाली आहेत.

सेंट्रोअमेरिकानो किंवा एच१ हा सार्चिमोर टी५२९६ आणि रुमे सुदान या दोन वाणांचा संकर. सार्चिमोर बुटकं, पेरं आखूड. रुमे सुदान उंच. बुटकेपणाचं जनुक प्रभावी असल्यामुळे पहिल्या पिढीत सगळी झाडं बुटकी दिसतात. त्या झाडांचं बी पेरलं की दुसऱ्या पिढीत तीन बुटकी, एक उंच. चारशेत शंभर! तुम्ही स्वतःच मोजून आकडा दिला आहे, याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण मात्र एकाच जनुकावर नसतो. तो तिमोर संकराकडून (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जातींचा नैसर्गिक संकर) सार्चिमोरमध्ये आलेला, अनेक जनुकांत विभागलेला, म्हणून त्याची फूट अशी साफ पडत नाही. कुठे पूर्ण, कुठे अर्धा, कुठे काहीच नाही. उत्पादन आणि दाण्याचा आकारही असाच विस्कटतो.

खरी एफ१ रोपं प्रयोगशाळेत पानाच्या तुकड्यापासून भ्रूण वाढवून तयार करतात, म्हणून ती महाग. स्टारमाया हा एफ१ वाण अपवाद. त्याची आई नर-वंध्य (पराग न देणारी) आहे, त्यामुळे एफ१ बी थेट झाडावर धरतं. पण ते फक्त त्या मातृबागेतलं (बियांसाठी राखलेल्या आई-झाडांच्या बागेतलं). स्टारमायाच्या झाडाचं बी पेराल तर पुन्हा हीच गत.

गोंधळ होतो तो जुन्या सवयीमुळे. अरेबिका बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते. त्यामुळे टिपिका, बोर्बन, कातुर्रा, एसएल २८ या वाणांच्या चांगल्या झाडाचं बी राखून पेरलं तर रोप जवळपास आईसारखंच येतं, आणि "अरेबिकाचं बी बिनधास्त पेरा" हा सल्ला तिथे बरोबर आहे. रोबस्टाचं उलट. ते स्वतःचा पराग स्वीकारतच नाही, म्हणून बियांचं प्रत्येक रोप वेगळं निघतं आणि खात्रीचं झाड हवं तर कटिंग किंवा कलम करावं लागतं. एफ१ या दोन्हींच्या मध्ये अडकतो. झाड अरेबिकाचं, पण बी विश्वासाचं नाही.

आता मुख्य तक्रार. एका कार्यालयाकडून (नाव घेत नाही) बियाण्याचा जो दाखला मिळतो, त्यावर वाणाचं नाव, उगवणीची टक्केवारी आणि शिक्का. पिढी कुठली, मातृबाग कुठली, रोप ऊतीचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) की बियांचं, यातलं काहीही नाही. विचारलं तर टेबलावरून उत्तर येतं: "अरेबिकाच आहे हो, काय फरक पडतो?" फरक तीन-चार वर्षांनी पडतो, तोवर टेबलावरचा माणूस बदललेला असतो. माझं मत पक्षपाती असेल, पण उगवण ९० टक्के असलेल्या चुकीच्या बियांपेक्षा ६० टक्के उगवणारं खात्रीचं बी कधीही बरं.

मग आता काय? सगळं उपटू नका. उंच झाडांना एका रंगाची फीत बांधा, तांबेरा आलेल्यांना दुसऱ्या. तांबेरा ऐन भरात असेल तेव्हा दोनदा तपासा, कारण कोवळी पालवी निरोगी दिसून फसवते. उरलेल्या स्वच्छ, बुटक्या आणि जोमदार झाडांपैकी दहा-पंधरा निवडा आणि प्रत्येकाची पूर्ण पिकलेली फळं वेगळी तोडा. एक किलो फळातून १७०-२०० ग्रॅम हिरवा दाणा हाती येतो, चाखायला तेवढा पुरतो. पाण्यावर तरंगणारी फळं काढून टाका, सगळे नमुने एकाच पद्धतीने प्रक्रिया करा, ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवा आणि भाजणी सगळ्यांची सारखीच हलकी ठेवा. १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम जाडसर पूड, पाणी ९३ अंश, चार मिनिटांनी वरचा थर मोडायचा. कोमट झाल्यावर पुन्हा चाखा, खोट तेव्हाच उघडी पडते. पहिल्या बहाराच्या चवीवर मात्र निकाल लावू नका.

निवडलेली झाडं वाढवायची कशी, यात बरेच जण फसतात. आडव्या फांदीचं कटिंग घेतलं तर रोप आयुष्यभर आडवंच वाढतं. कॉफीत उभा आणि आडवा फुटवा वेगळ्या स्वभावाचे असतात, म्हणून कटिंग किंवा कलमाची काडी खोडावरच्या उभ्या फुटव्याचीच हवी. तो फुटत नसेल तर शेंडा खुडा किंवा खोड थोडं वाकवून बांधा. नको असलेली झाडं जमिनीपासून फूटभरावर तिरकी कापा, येणाऱ्या फुटव्यांपैकी एक-दोन राखा आणि ते पेन्सिलएवढे जाड झाले की त्यांच्यावर निवडक झाडाची काडी पाचर पद्धतीने बांधा. मुळं तयार असतात, त्यामुळे नव्या लागवडीपेक्षा लवकर फळ येतं. या निवडक झाडांचं बी मात्र पेरू नका. वाण स्थिर व्हायला पाच-सहा पिढ्या लागतात आणि एकेक पिढी तीन-चार वर्षांची. ते काम संशोधन केंद्रांचं.

"त्यापेक्षा गेशाच लावू का?" असंही विचारलंय. जरा थांबा. पनामाची गेशा म्हणजे टी२७२२ या क्रमांकाचं झाड, मूळ इथिओपियातलं, कोस्टा रिकाच्या काटिए या कृषी संशोधन संस्थेतून पसरलेलं. २००४ च्या पनामातल्या कॉफी स्पर्धेनंतर गाजलं आणि तेव्हापासून "गेशा" ही चिठ्ठी कशावरही चिकटते. झाड उंच, फांद्या ठिसूळ, उत्पादन कमी, आणि जाई-बर्गमॉटचा (हे सुवासिक लिंबूवर्गीय फळ) सुगंध थंड, उंच जागेतच खुलतो. सखल, उबदार जागेत तेच झाड सपक चवीचा कप देतं. एसएल २८ केनियात १९३० च्या दशकात निवडलेलं. पाण्याचा ताण सोसतं, ब्लॅककरंट फळासारखी आंबट-गोड चव अप्रतिम, पण तांबेऱ्यापुढे हतबल. कातुर्रा आणि कातुआई बुटकी, दाट लावता येतात, चव स्वच्छ आणि गोडसर, तांबेरा त्यांनाही लागतो. पाकामाराचा दाणा मोठा आणि चव भन्नाट, पण झाडं एकसारखी येत नाहीत. तुम्ही आत्ताच ज्याने वैतागला आहात, तेच तिथे पुन्हा. कातिमोरला (कातुर्रा आणि तिमोर संकरापासूनचं, तांबेऱ्याला दाद न देणारं) नाक मुरडायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. उंचीवर, पिकलेली फळंच तोडून नीट प्रक्रिया केली तर कप व्यवस्थित येतो. कच्ची-पक्की एकत्र तोडली की गेशाही तुरटच लागते. मात्र प्रतिकारशक्तीवर कायमचा भरवसा नको. होंडुरासमध्ये लेम्पिरा या कातिमोर वाणाला तांबेरा लागत नाही असं मानलं जायचं. बुरशीच्या नव्या जातींनी ते खोटं ठरवलं.

पानांची डीएनए तपासणी करून घ्यायची असेल तर खुशाल करा, पण अपेक्षा मोजूनमापून ठेवा. अरेबिकात जनुकीय वैविध्यच फार थोडं. बोर्बन आणि त्यातूनच उपजलेलं कातुर्रा नेहमीच्या तपासणीत वेगळे ओळखू येत नाहीत. शेंड्याच्या पालवीचा रंगही एकटा पुरेसा नाही: टिपिकाची तांबूस, बोर्बनची बहुधा हिरवी, गेशात दोन्ही सापडतात.

पुढची रोपं घेताना पावतीवरच लिहून घ्या: वाणाचं पूर्ण नाव, एफ१ असेल तर ऊतीचं की बियांचं, मातृबाग कुठली, बी कधी काढलं. शेवटचं विसरू नका. सहा महिन्यांनंतर कॉफीच्या बियांची उगवण झपाट्याने घसरते. लिहून द्यायला खळखळ करत असतील तर तिथून उठा. आणि जमलं तर एका उंच आणि एका बुटक्या झाडाचा, खोडाशेजारी मोजपट्टी धरून फोटो टाका. दोन पेरांतलं अंतर दिसलं की शंका उरणार नाही.