वाचकांचे प्रश्न: नुसती लिंक पाठवू नका

प्रश्न: आवडलेल्या ब्लॉगपोस्टची यादी मी दर महिन्याला ईमेलने पाठवते. बारा-पंधरा लिंक असतात, पण फारसं कुणी उघडत नाही. चुकतं कुठे?

दोन ठिकाणी. पहिली चूक संख्येची. पंधरा लिंक दिसल्या की वाचणारा 'सावकाश बघू' म्हणून ईमेल बंद करतो, आणि ती सावकाशीची वेळ काही येत नाही. तीन ते पाच पुरेत. उरलेल्या पुढच्या महिन्यासाठी ठेवा. तेव्हा पुन्हा वाचल्यावर त्यातल्या निम्म्या आपोआप गळतील, आणि त्या गळायलाच हव्या होत्या.

दुसरी चूक मोठी आहे. लिंकसोबत बहुतेक जण 'अप्रतिम लेख, नक्की वाचा' एवढंच लिहितात. त्यातून तुमचा आनंद कळतो, लेखात काय आहे ते कळत नाही. लिंक उघडण्याआधीच 'हे माझ्या कामाचं आहे का' हे वाचकाला ठरवता यायला हवं. त्यासाठी दोन-तीन वाक्यांत तीन गोष्टी सांगा: लेख नेमका कशाबद्दल, त्यात इतरत्र न मिळणारं काय, आणि कुणासाठी. उदाहरणार्थ: 'सायकलची साखळी वारंवार का उतरते, हे लेखिकेने चार फोटोंतून उलगडलंय. झिजलेला दाता नव्या दात्याशेजारी ठेवून दाखवलेला फोटो चुकवू नका. गिअरची सायकल असेल तर उपयोगी. वाचायला आठेक मिनिटं.' ही मिनिटं अंदाजाने टाकू नका, स्वतः घड्याळ लावून वाचा. लेखात कच्चा भाग असेल तर तोही सांगा: 'सुरुवात रेंगाळते, दुसऱ्या उपशीर्षकापासून वाचा.' अशा एका वाक्याने तुमच्या शिफारशीवरचा विश्वास वाढतो.

लिंक 'इथे क्लिक करा' या शब्दांवर देऊ नका, लेखाच्या शीर्षकावर द्या. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर पानावरच्या फक्त लिंकची यादी ऐकू शकतात. तिथे पाच वेळा 'इथे क्लिक करा' ऐकून कुणाला काय कळणार?

प्रश्न: दुसऱ्याच्या लेखातला किती मजकूर घेतला तर चालतो? परवानगी लागते का?

सर्वांसाठी खुल्या असलेल्या लेखाची नुसती लिंक द्यायला सहसा परवानगी लागत नाही. अवतरणाला १८८६च्या बर्न कराराच्या, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दहाव्या कलमात मुभा आहे. मात्र ते उद्देशापुरतंच असावं आणि स्रोत व लेखकाचं नाव द्यावं, अशा अटी आहेत. तपशील देशागणिक बदलतात. 'अमुक शब्दांपर्यंत चालतं' असा सरसकट आकडा करारात नाही, ती ऐकीव गोष्ट. व्यवहारात एक कसोटी लावा: तुमचा उतारा वाचून मूळ लेख उघडायची गरजच उरत नसेल, तर तुम्ही जास्त घेतलंय. दोन-तीन वाक्यं घ्या, आणि लेखाचा निष्कर्ष तर मुळीच नको.

फोटोंचं गणित वेगळं. फोटो अख्खाच उचलला जातो, म्हणून विचारूनच वापरा. मूळ संकेतस्थळावरून तो थेट आपल्या पानावर ओढून दाखवणंही टाळा. प्रत्येक वेळी भार त्यांच्या सर्व्हरवर पडतो, आणि त्यांनी फाइल बदलली की तुमच्या पानावर भलतंच चित्र झळकतं. मोजक्या लोकांपुरता ठेवलेला लेख मात्र विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये, लिंक हाताशी असली तरी.

प्रश्न: जुन्या याद्यांमधल्या कितीतरी लिंक आता उघडतच नाहीत. उपाय काय?

हे सगळीकडेच होतं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४च्या पाहणीनुसार, २०१३मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी मिळत नव्हती. तेव्हा लिंक देतानाच काळजी घ्या.

ब्लॉगच्या मुखपृष्ठाची नको, त्या पोस्टची स्वतंत्र लिंक घ्या. मुखपृष्ठावरची पोस्ट चार दिवसांत खाली सरकते. लांब पत्ता छोटा करून देणाऱ्या सेवेची लघुलिंकही नको, कारण ती सेवा बंद पडली की मूळ पत्ता शोधायला धागाच उरत नाही. समाजमाध्यमांतून आलेल्या पत्त्याला प्रश्नचिन्हानंतर लांबलचक शेपूट असतं. ते बहुधा वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी असतं, ते छाटा. पण डोळे मिटून नको. काही ब्लॉगांवर पोस्टचा क्रमांकच प्रश्नचिन्हानंतर येतो, आणि तो कापला तर वाचक थेट मुखपृष्ठावर जातो. म्हणून छाटलेली लिंक ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून बघा. तुमच्या लॉगिनमुळेच उघडणारा लेख असेल तर तेही तिथेच कळतं.

मग वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन त्या पानाची प्रत जतन करा: पत्ता टाकायचा, 'सेव्ह पेज'चं बटण दाबायचं. काही संकेतस्थळं अशी प्रत घेऊ देत नाहीत, म्हणून यादीत लेखकाचं नाव, शीर्षक आणि तारीख लिहाच. पत्ता बदलला तरी एवढ्यावरून लेख पुन्हा शोधता येतो.

प्रश्न: मित्राचा ब्लॉग सुचवला नाही तर तो रुसतो. सुचवावा का?

लेख चांगला असेल तर जरूर, आणि 'हा माझा मित्र' हे तिथेच लिहून. तू माझा सुचव, मी तुझा, असा करार मात्र नको. चार महिन्यांत यादीचं 'अहो रूपम् अहो ध्वनिः' होतं आणि वाचकांच्या ते लगेच लक्षात येतं.

प्रश्न: त्याच त्या चार ब्लॉगांपलीकडचं लेखन शोधायचं कसं?

आवडलेल्या ब्लॉगवाल्यांनी कुणाच्या लिंक दिल्यात ते पाहा. समाजमाध्यमांच्या शोधापेक्षा ही वाट कितीतरी बरी. सापडलेले ब्लॉग आरएसएस रीडरमध्ये, म्हणजे ब्लॉगांवरच्या नव्या पोस्ट एका जागी आणून दाखवणाऱ्या अॅपमध्ये, भरून ठेवा. गूगलचं असंच 'गूगल रीडर' २०१३मध्ये बंद झालं, आरएसएस नाही. ब्लॉगवर त्याचं चिन्ह दिसलं नाही तरी मुखपृष्ठाचा पत्ता रीडरमध्ये टाकून बघा, बहुतेक वेळा ब्लॉगची फीड (नव्या पोस्टची यादी) तो स्वतःच शोधतो. महिन्यातून एकदाच लिहिणारेही मग नजरेतून सुटत नाहीत.