फायरप्लेस एका अंगाला असलेली भिंत: मध्य शोधू नका, टोके जुळवा

आपण दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढील हिशेब इतरांनाही पडताळून पाहता येईल. बैठकीच्या खोलीची मुख्य भिंत ४८० सेंमी लांब आहे. धुराड्याचा १५० सेंमी रुंद भाग तिच्यातून ३५ सेंमी पुढे आलेला आहे. त्याच्या डावीकडे ७० सेंमी आणि उजवीकडे २६० सेंमी जागा उरते. फायरप्लेस लाकूड जाळण्याची आहे, तिच्यासमोरचा दगडी ओटा ४० सेंमी उंच आहे आणि सोफ्यावर बसणाऱ्याचे डोळे भिंतीपासून साधारण ३ मीटरवर येतात. ६५ इंची टीव्ही फायरप्लेसच्या वर लावावा की बाजूला, आणि बाजूला लावल्यास भिंत एकीकडे कललेली दिसू नये यासाठी काय करावे, असा आपला प्रश्न आहे.

टीव्ही बाजूलाच लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी शोधतात. फायरप्लेस मध्यभागी नाही हे एकदा डोळ्यांत भरले की माणूस ती मध्यभागी असल्याचा आभास ओढूनताणून निर्माण करू पाहतो: डावीकडे नसलेली भिंत रंगाने दाखवतो, उजवीकडे धुराड्यासारखाच खोटा उठाव बांधतो, किंवा आगीच्या तोंडावरची फळी एका बाजूला लांबवून फायरप्लेस रुंद झाल्याचे भासवतो. खोट्या उठावाने खोलीची जागा जाते आणि फसवणूकही लपत नाही, कारण आग एकाच उठावात पेटते. आपल्या भिंतीला मध्याची गरजच नाही. दोन्ही टोके सारखी झाली की त्यांच्यामध्ये दोन असमान वस्तू निश्चिंतपणे राहू शकतात.

फायरप्लेसच्या वरची जागा मी का नाकारतो, हे आकड्यांवरून पाहा. वरची फळी जमिनीपासून साधारण १४८ सेंमीवर येईल. तिच्यावर १५ सेंमी जागा सोडून ८३ सेंमी उंचीचा टीव्ही टांगला, तर पडद्याचा मध्य जमिनीपासून २ मीटरच्याही वर जातो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण १०५ सेंमीवर असतात. म्हणजे पडदा नजरेच्या रेषेपासून जवळजवळ एक मीटर वर राहील आणि उठावावर टांगल्यामुळे प्रेक्षकाच्या ३५ सेंमी जवळही येईल. मान सुमारे २० अंश वर करून बसावे लागेल. वर पाहण्याचा कोन १५ अंशांच्या आत असावा, हा चांगला आडाखा आहे. दहा मिनिटांच्या बातम्यांना यापेक्षा जास्त कोन चालून जातो, तीन तासांच्या चित्रपटाला चालत नाही. उष्णतेची गोष्ट वेगळीच. बहुतेक टीव्हींच्या माहितीपत्रकात वापराच्या वेळी भोवतालचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आत असावे असे लिहिलेले असते, आणि लाकडाच्या आगीवरची भिंत ही मर्यादा सहज ओलांडू शकते. कोणी वरच लावण्याचा हट्ट धरलाच, तर निदान भिंतीवर तापमापक चिकटवून दोन-तीन तास आग पेटती ठेवावी आणि मग ठरवावे.

आता भिंतीची विभागणी. डावीकडची ७० सेंमीची खाच ही अडचण न मानता तिलाच माप माना आणि उजव्या टोकाला, कोपऱ्याला लागून, अगदी तेवढ्याच ७० सेंमी रुंदीचे छतापर्यंतचे कपाट उभे करा. डाव्या खाचेतही तसेच कपाट करा. मग भिंत डावीकडून उजवीकडे अशी वाचली जाते: ७० सेंमीचे कपाट, १५० सेंमीचे धुराडे, १९० सेंमीचा टीव्हीचा भाग आणि पुन्हा ७० सेंमीचे कपाट. टीव्हीची रुंदी १४५ सेंमी धरली, तर १९० सेंमीच्या भागात त्याच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस सेंमी मोकळे राहतात. यात एक बाब आपसूक जमून येते. फायरप्लेसचा मध्य डाव्या कोपऱ्यापासून १४५ सेंमीवर आहे आणि टीव्हीचा मध्य ३१५ सेंमीवर येतो; या दोहोंच्या मधोमधचा बिंदू २३० सेंमीवर पडतो, तर भिंतीचा खरा मध्य २४० सेंमीवर आहे. हा १० सेंमीचा फरक डोळ्याला कळत नाही. एकटी फायरप्लेस मध्यापासून ९५ सेंमी सरकलेली होती. जोडी म्हणून पाहिली तर ती जवळजवळ मध्यावर आली, आणि त्यासाठी एक वीटही हलवावी लागली नाही.

रुंदीइतकेच महत्त्व आडव्या रेषांना आहे, आणि या बाबतीत आपली भिंत नशीबवान आहे. टीव्हीखालच्या बैठ्या कपाटाचा माथा ओट्याच्या पातळीवर, म्हणजे ४० सेंमीवरच ठेवा आणि त्यावर शक्य असल्यास ओट्याशी जुळणाऱ्या रंगाचा दगड किंवा फळी बसवा. ओटाच उजवीकडे पुढे चालत गेला आहे असे वाटले पाहिजे. पडद्याचा मध्य १०७ सेंमीवर ठेवला की त्याची खालची कड ६५ सेंमीच्या आसपास येते आणि कपाटाच्या माथ्यावर साउंडबारसाठी पुरेशी जागा उरते. वरची कड सुमारे १४८ सेंमीवर येते, आणि फायरप्लेसची फळीही तिथेच आहे. दोन्ही टोकांच्या कपाटांतील एक-एक फळी याच उंचीवर घ्या. बाकीच्या फळ्या पुस्तकांच्या मापाने कुठेही असू द्या, पण ४० आणि १४८ या दोन उंचींवर सुताराला तडजोड करू देऊ नका. ओटा किंवा जमीन किंचित उतरती असते, म्हणून ही मापे जमिनीपासून न घेता पाणसळीने पूर्ण भिंतीवर एकदाच रेषा मारून घ्यावीत.

आता ज्या गोष्टीकडे आराखड्यात हमखास दुर्लक्ष होते, त्या खोलीच्या, म्हणजे भिंतीपासून पुढे येण्याच्या, मापाकडे येतो. टीव्ही मागच्या भिंतीला चिकटून लावला, तर धुराड्याचा ३५ सेंमीचा उठाव त्याच्या डाव्या बाजूला आडोशासारखा मध्ये येतो. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसणाऱ्याला टीव्ही पूर्ण दिसेल. पण डाव्या कोपऱ्यापासून ४० सेंमीवर आणि भिंतीपासून २ मीटरवर खुर्ची ठेवली, तर तिथून पडद्याचा साधारण १० सेंमीचा पट्टा उठावाआड जातो. हे कागदावर मोजत बसण्यापेक्षा खुर्चीच्या डोक्याजवळून उठावाच्या कडेला टेकवून दोरी भिंतीपर्यंत ताणून पाहा. दोरी जिथे पोहोचते त्याच्या डावीकडचे काही दिसणार नाही. यावर उपाय म्हणजे टीव्ही टांगायचा असा ब्रॅकेट, ज्याचा हात पुढे-मागे सरकतो आणि डावी-उजवीकडे वळतो. पडदा भिंतीपासून २० सेंमी पुढे आणला की त्याच खुर्चीतून तो पूर्ण दिसतो आणि तरीही उठावाच्या १५ सेंमी मागेच राहतो. पुढे ओढलेल्या हातावर वजनाचा ताण वाढतो, त्यामुळे ब्रॅकेट भक्कम विटकामात बसवावा. पोकळ भिंत असेल तर मागे आधाराच्या लाकडी पट्ट्या आधीच ठोकून घ्याव्यात.

पडदा आगीच्या तोंडाच्या मागे राहत असल्यामुळे आगीची थेट झळही त्याच्यावर येत नाही. कपाटांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागेल. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या, म्हणजे सुमारे १५ सेंमीच्या आत कोणतीही ज्वलनशील वस्तू चालत नाही, आणि १२ इंचांपर्यंतच्या पट्ट्यात ती तोंडापासूनच्या दर एक इंच अंतरामागे एक अष्टमांश इंचाहून जास्त पुढे येता कामा नये. लहान तोंडाच्या फायरप्लेससमोर न जळणारा ओटा किमान १६ इंच पुढे आणि दोन्ही बाजूंना ८ इंच असावा लागतो. तोंड ६ चौरस फूट किंवा त्याहून मोठे असेल तर ही मापे २० आणि १२ इंच होतात. आपल्या ठिकाणचा नियम वेगळा असू शकतो आणि तोच पाळायचा आहे. हे आकडे अंदाज यावा म्हणून दिले. व्यवहारात याचा अर्थ असा की ओट्याची रेषा उजवीकडे नेताना उठावाच्या कडेपर्यंत दगडच राहू द्यावा आणि लाकूड त्यापलीकडे सुरू करावे. कपाटांच्या बाजू धुराड्याच्या विटकामाला थेट चिकटवू नयेत. मध्ये फट ठेवून ती समोरून न जळणाऱ्या पट्टीने झाकता येते. कपाटांची खोली ३० सेंमी ठेवली तर उठाव त्यांच्यापुढे ५ सेंमी राहतो, आणि त्या सावलीच्या रेषेत विटकाम आणि लाकूड यांचा ओबडधोबड सांधाही लपून जातो.

रंगाबाबत माझी पसंती आपल्याला कदाचित धीट वाटेल. टीव्हीच्या १९० सेंमी भागातील मागची भिंत काळपट करड्या किंवा गडद निळ्या रंगात, आणि तीही पूर्ण मॅट रंगवा. चकचकीत रंगावर पडद्याचा उजेड चमकत राहतो. धुराडे फिकटच असू द्या. आगीचे तोंड हे मुळातच फिकट पृष्ठभागावरचे काळे चौकोन असते. बंद टीव्ही हे दुसरे काळे चौकोन. दोन्ही एकाच फिकट भिंतीवर आले की ते एकमेकांशी भांडतात आणि मोठा असल्यामुळे टीव्ही जिंकतो. तो गडद पार्श्वभूमीत विरघळला की तो पूर्ण भाग एक शांत, जड पट्टा होतो आणि नजर आगीकडे जाते. शेजारी नक्षीदार टाइल, दगडाचे पत्रे, उभ्या पट्ट्यांचे लाकूड असे काहीही नको.

सोफा फायरप्लेससमोर मधोमध ठेवण्याचा मोह आवरा. त्याचा मध्य डाव्या कोपऱ्यापासून सुमारे २८० सेंमीवर ठेवला तर टीव्ही जवळजवळ समोर येतो, फायरप्लेस डावीकडे राहते, आणि आगीकडे तिरके पाहणे कोणालाच खटकत नाही. डावीकडची खुर्ची फिरती असावी. छताचा दिवा खोलीच्या मध्याशी बांधलेला असू द्या. त्याला या हिशेबात ओढू नका.

तारांचे काम रंगाच्या आधी करून घ्या. टीव्हीमागून बैठ्या कपाटापर्यंत ५० मिमी व्यासाचा पाइप भिंतीत टाका, म्हणजे एचडीएमआयचे टोक अडकणार नाही. वीजतार वेगळ्या पाइपातून न्या आणि हात पुढे ओढला जाईल म्हणून दोन्हींना ढिलाई ठेवा. साधी एचडीएमआय तार लांब झाली की जास्त वेगाचा संकेत अडखळू लागतो, त्यामुळे सेट-टॉप बॉक्स आणि गेमचे यंत्र डाव्या कपाटात न ठेवता टीव्हीखालीच ठेवा. धुराड्याच्या उठावात कोणतीही तार खोदून नेऊ नका. धूर जाण्याच्या मार्गाला पडलेले भोक नंतर दिसत नाही, पण धूर ते शोधतो.

सुताराला बोलावण्यापूर्वी वर्तमानपत्रे जोडून १४५ बाय ८३ सेंमीचा चौकोन आणि दोन्ही टोकांच्या कपाटांचे पूर्ण आकार रंगाऱ्याच्या चिकटपट्टीने भिंतीवर लावा, आणि दिवसा व रात्री, प्रत्येक आसनावरून एक-एक छायाचित्र घ्या. उजवे कपाट जड वाटले तर त्याच्या वरच्या अर्ध्या भागाची दारे काढून उघड्या फळ्या ठेवा; रुंदी मात्र ७० सेंमीच राहू द्या. फायरप्लेसच्या तोंडाची नेमकी रुंदी आणि उंची आपण लिहिलेली नाही. ती कळवलीत तर ओटा आणि फळीच्या अंतरांचा हिशेब मी नेमका करून देईन.