राख इतक्यात उकिरड्यावर टाकू नका

परभणीकडच्या एका भावाने विचारलंय: परवा पहाटे चुलत्याच्या घराला आग लागली, माणसं सुखरूप आहेत, पण पुढच्या खोलीत भरलेला कापूस, कपाट आणि अर्धं माळवद (लाकडी तुळयांवर माती टाकलेलं छत) जळालं. भावकी म्हणते आजच झाडून-सारवून घ्या. काय करावं?

आज झाडू नका. आमचं घर जळालं तेव्हा आम्ही हीच घाई केली होती, म्हणून सांगतोय.

पहिलं म्हणजे आग खरंच विझली का ते बघा. कापूस वरून चिंब दिसतो, पण पाणी आत शिरत नाही आणि ढिगाच्या पोटात तो दोन-दोन दिवस धुमसतो. सगळा बाहेर मोकळ्या रानात न्या, गोळे फोडून पसरा, मग पाणी मारा. कडब्याच्या गंजीजवळ किंवा दुसऱ्याच्या घरात ठेवू नका. माळवदाचंही तेच. वर हातभर पांढरी माती असते, तिच्याखाली तुळई निखाऱ्यासारखी सावकाश जळत राहते. आमच्याकडे दुसऱ्या रात्री दोन वाजता खाटेवर झोपलेल्या म्हाताऱ्याला धुराचा वास आला, म्हणून उरलेलं घर वाचलं. तुळईला हात लावून बघा, गरम लागली तर आधी खालून टेकू द्या. माती उकरायला कोणालाही वर चढवू नका, जळालेली तुळई माणसाचं वजन झेलत नाही.

मग कागद. तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) लगेच कळवा. सरकारी मदतीच्या निकषांत आग ही आपत्ती धरलेली आहे, पण पंचनाम्यात जे लिहिलं जाईल तेवढंच पुढे सरकतं. कापूस किती क्विंटल, कपाट, धान्य, भांडी, सगळं समोर उभं राहून लिहून घ्या आणि फोटो काढा. पोलीस ठाण्यात अकस्मात जळीतची नोंद करा. गॅसमुळे पेट घेतला असेल तर एजन्सीला लेखी कळवा, नोंदणीकृत ग्राहकाचा अपघात विमा कंपनीने आधीच काढलेला असतो. खांबावरच्या तारांनी ठिणगी पडली असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो, म्हणून जळका बोर्ड आणि वायरी जागच्या हलवू नका. आम्ही पंचनाम्याआधीच अंगण लख्ख केलं होतं. आलेल्या माणसाने विचारलं, "जळालं काय ते दाखवा." दाखवायला भिंती होत्या.

पंचनामा झाला की राख चाळा. टाकू नका, धान्याच्या चाळणीने ओंजळ-ओंजळ चाळा. शुद्ध सोनं १,०६४ अंशांना वितळतं, दागिन्यातलं त्याआधी, पण वितळलं तरी ते जातं कुठे? मणी होऊन राखेतच बसतं. आमच्या आईच्या पोतीतले चार मणी कपाटाच्या पायाजवळ सापडले, काळे, ज्वारीच्या दाण्याएवढे. पाचवा मात्र उकिरड्यावर गेला असणार.

जळक्या नोटांना हात लावताना जपा. थोड्या जळालेल्या असतील तर बँकेत विचारा. करपून एकमेकींना चिकटलेल्या असतील तर गठ्ठा सोडवू नका, तसाच कापसात ठेवून डब्यात घाला. अशा नोटा रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच घेतात, आपल्याला त्यासाठी मुंबई किंवा नागपूर. सातबारा ऑनलाइन निघतो, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसात मिळते. लेकरांची दहावी-बारावीची गुणपत्रिका जळाली असेल तर परभणीला संभाजीनगरचं विभागीय मंडळ आहे. नांदेड, लातूर, धाराशिववाल्यांना लातूरचं.

भिंतीची काजळी ओल्या फडक्याने पुसू नका, ती तेलकट असते, पसरते. आधी कोरड्या फडक्याने वरून खाली झटका, मग साबणाचं पाणी. त्यावर नुसता चुना मारला तर महिन्यात पिवळे डाग वर येतात, आधी ऑइल प्रायमर लावा. धूर बसलेलं पीठ, डाळी, उघडी औषधं टाकून द्या, जीव हळहळला तरी.

आता थोडं कडू बोलतो. राहत्या खोलीत कापूस ठेवायची आपली सवय जुनी आहे, भाव येईपर्यंत ठेवायचा तर पर्याय नसतो, हे मलाही मान्य. पण मग त्या खोलीतल्या बोर्डावर कूलर, मोटार, चार्जर काही नको. आणि फ्यूज. उन्हाळ्यात तो सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये (बोर्डावरच्या चिनी मातीच्या फ्यूजच्या खोबणीत) कोणीतरी जाड तांब्याची तार पिळतं, आमच्याकडे मीच पिळली होती. त्यानंतर फ्यूज उडायचा थांबला, भिंतीतली वायर तापायला लागली. नवीन वायरिंग करताना जुनी एकही वायर ठेवू नका, एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण) बसवा, सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा). गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. दारं उघडा, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

चुलत्याला हळूच विचारा, किटकॅटमध्ये तार कुठली होती. सांगितलं तर इथे लिहा, वायरमनला काय सांगायचं ते बघू.