फार्म, इस्टेट, प्लँटेशन की ऑर्चर्ड: आंब्याच्या पेटीवर काय लिहावं?

तुमचा प्रश्न असा: देवगडला हापूसची कलमं आहेत, परदेशी गिऱ्हाइकासाठी पेटीवर इंग्रजी नाव टाकायचंय, तर फार्म, इस्टेट, प्लँटेशन, ऑर्चर्ड यांतलं कुठलं? आणि रँच म्हणजे मोठं फार्म का?

रँचचं आधी उरकतो. त्याचा संबंध आकाराशी नाही, गुरांशी आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडे पाऊस कमी, पिकापेक्षा गवतावर गुरं चारणं परवडतं. त्या जागेला रँच म्हणतात. टेक्ससचं किंग रँच ८ लाख एकरांहून मोठं आहे. हाच धंदा ऑस्ट्रेलियात केला की त्याचं ‘स्टेशन’ होतं. तिथलं ॲना क्रीक स्टेशन गोव्याच्या चौपटीहून मोठं आहे आणि तिथे रेल्वे शोधायला जाऊ नये.

फार्म म्हणजे सगळा बारदाना: जमीन, राहतं घर, गोठा, विहीर, अवजारं. फील्ड म्हणजे त्यातलं एखादं वावर. म्हणून ‘बाबा शेतात गेलेत’ याला ‘इन द फील्ड’. ‘इन द फार्म’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण फार्मला ‘ऑन’ लागतं. गंमत म्हणजे फार्मचा जुना अर्थ ठरावीक रकमेचा मक्ता. ब्रिटिशांच्या कागदांत कोकणातल्या खोताला ‘रेव्हेन्यू फार्मर’ म्हटलेलं असतं ते त्यामुळे. तो सारा गोळा करायचा. नांगर कुळाच्या हातात.

खरं जपायचं ते प्लँटेशनला. एकच नगदी पीक, लांबच्या बाजारासाठी, आणि बहुधा जागेवरच राहणारे मजूर, असा त्याचा अर्थ. कॅरिबियन बेटांवरचा ऊस आणि अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस गुलामांच्या कष्टावर उभा राहिला, त्यामुळे अमेरिकन माणसाला हा शब्द खटकू शकतो. ऱ्होड आयलंड राज्याच्या अधिकृत नावात ‘प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स’ असं शेपूट होतं. तिथे त्याचा अर्थ नुसता ‘वसाहत’, तरीही २०२० मध्ये लोकांनी मतदान करून ते काढून टाकलं. आपल्याकडे या शब्दाला कायद्याचं वजन आहे. १९५१ चा मळेकामगारांचा कायदा मुख्यतः चहा, कॉफी, रबर, सिंकोना (ज्याच्या सालीपासून क्विनाइन काढतात ते झाड) यांच्यासाठी केलेला होता. केरळात तर प्लँटेशन ठरलेल्या जमिनीला कमाल धारणेच्या मर्यादेतून सूट मिळते, म्हणजे या एका शब्दावर मालकाकडे किती जमीन राहते ते ठरतं. तिथल्या सूट मिळणाऱ्या पिकांच्या यादीतही आंबा नाही.

इस्टेट हा त्याचाच प्रतिष्ठित भाऊ. चहाच्या मळ्याला आसामात ‘टी गार्डन’ म्हणतील, निलगिरीत ‘टी इस्टेट’. कोडगूत कॉफीचीही इस्टेटच. चार-पाच एकर कलमांना इस्टेट म्हणणं मला तरी जरा मिरवल्यासारखं वाटतं.

राहिलं ऑर्चर्ड: मुद्दाम लावलेल्या फळझाडांची बाग. आंबा, चिकू, सफरचंद, सगळ्यांना चालतं. द्राक्षांना मात्र व्हिनयार्ड. नाशिकवाले तेच लिहितात. संत्र्याच्या बागेला फ्लोरिडात ‘ग्रोव्ह’ म्हणतात, माडांच्या बागेलाही ‘ग्रोव्ह’ शोभतं.

तेव्हा तुमच्या पेटीवर ‘मँगो ऑर्चर्ड’ छापा. बागेतच घर असेल, चार गुरं, थोडी भाजी असेल, तर ‘फार्म’ही चुकीचं नाही. ‘फार्महाऊस’ नको, मुंबईचा माणूस ते वाचून शनिवार-रविवारच्या खोलीचा भाव विचारेल.

आणि ऑर्चर्डपेक्षा जास्त काळजी ‘हापूस’ या शब्दाची घ्या. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय. पेटीवर ते मानांकन वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती झाली नसेल तर छपाईची ऑर्डर देण्याआधी अर्ज करून टाका.