पिग्ली विग्लीत डुक्कर शोधू नका

एका वाचकांनी विचारलं आहे : 'पिग्ली विग्ली' या अमेरिकी दुकानसाखळीच्या नावाचा अर्थ काय? एका मराठी लेखात तिला 'जगातलं पहिलं सुपरमार्केट' म्हटलं होतं आणि नावाचा अर्थ 'डुकरांचं दुकान' असा दिला होता. हे बरोबर आहे का?

दोन्ही चूक. आधी सुपरमार्केटचं बघू, कारण हा शब्द हल्ली कुठेही चिकटवला जातो. दुकानात दोन फ्रीज ठेवले आणि काचेचं दार बसवलं की 'सुपरमार्केट'ची पाटी लागते. 'सुपर' म्हणजे 'झकास' अशी समजूत त्यामागे असावी. इथे तो शब्द आकारमानाचा आहे, गुणाचा नाही. अमेरिकेत सुपरमार्केटचा मान सहसा 'किंग कलन'ला देतात. क्रोगर या मोठ्या साखळीत काम करणाऱ्या मायकेल कलनने वरिष्ठांना पत्र लिहून आपली कल्पना मांडली होती. तिकडून दाद मिळाली नाही, तेव्हा नोकरी सोडून ऑगस्ट १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, एका रिकाम्या पडलेल्या गॅरेजात त्याने स्वतःचं दुकान थाटलं. मोठी आणि स्वस्त भाड्याची जागा, वाणसामान, भाजी आणि मांस यांचे वेगळे विभाग, थोडा नफा, प्रचंड खप आणि मोटार लावायला जागा, हे सगळं एकत्र आलं तेव्हा सुपरमार्केट झालं.

पिग्ली विग्ली त्याच्या चौदा वर्षं आधीची. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात, जेफरसन अव्हेन्यूवर, सप्टेंबर १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सने ती काढली. तोवर तिकडेही रीत आपल्या वाण्याकडची होती. यादी सांगायची, नोकर काउंटरमागून माल काढणार, मोजणार, बांधून देणार. सॉन्डर्सने काउंटर काढला. गिऱ्हाइकाने टोपली घ्यायची, फळीवरून हवं ते स्वतः उचलायचं, प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, आणि बाहेर पडताना गल्ल्यावर पैसे. म्हणजे हे स्वतःच्या हाताने माल घ्यायचं दुकान, आणि तेही निर्विवाद पहिलं म्हणता येत नाही. त्याच दशकात कॅलिफोर्नियात असे प्रयोग चालू होते. 'कॅफेटेरिया'च्या वजनावर 'ग्रोसेटेरिया' असा शब्दही पाडला गेला होता. 'आल्फा बीटा' नावाच्या साखळीत तर माल वर्णानुक्रमाने मांडलेला असे, म्हणून ते नाव. पण हा प्रयोग देशभर नेला तो सॉन्डर्सने. १९२२ पर्यंत पिग्ली विग्लीची सुमारे १,२०० दुकानं झाली होती.

आता डुकरं. आगगाडीच्या खिडकीतून सॉन्डर्सला कुंपणाखालून निसटायची धडपड करणारी डुकराची पिल्लं दिसली आणि नाव सुचलं, ही गोष्ट जो तो सांगतो. सॉन्डर्सने स्वतः नावाचा खुलासा कधी केला नाही. असं नाव का ठेवलंत, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं : लोकांनी हेच विचारावं म्हणून! इतकं स्पष्ट उत्तर हाती असताना पिल्लांची गोष्ट इतिहास म्हणून छापणाऱ्यांचा मला राग येतो. नावाला चिकटवलेली ती दंतकथा असावी.

मग नाव आलं कुठून? शब्दाच्या घडणीकडे पाहा. इंग्रजीत 'विग्ली' हा शब्द आहे. वळवळणारा, नागमोडी असा त्याचा अर्थ. 'पिग्ली' असा रूढ शब्द मात्र नाही. डुकराच्या पिल्लाला 'पिगी' म्हणतात, आणि लाडाने यमक जुळवायचं तर 'पिगी-विगी' होतं. हा बोबडा बोल एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजीत आहेच, आणि पुष्कळ जण तोच पुढे करून मोकळे होतात. पण मग हा 'ल' कुठून आला? 'पिगी'त नाही, 'विगी'त नाही. तो 'विग्ली'त आहे, आणि तिथून मागे सरकून 'पिग्ली'त शिरला आहे. म्हणजे अर्थ दुसऱ्या पदात आहे, पहिलं पद नुसतं यमक.

मराठी माणसाला हे पटायला अडचण पडू नये. 'चहाबिहा', 'आडवातिडवा' यांत अर्थाचा शब्द आधी आणि प्रतिध्वनी मागून येतो, हे शाळेतल्या व्याकरणाने शिकवलं. पण 'आजूबाजू' घ्या. 'आजू'ला काय अर्थ आहे? अर्थ सगळा 'बाजू'त. 'अदलाबदल'मध्ये 'बदल' खरा, 'अदला' त्याची सावली. 'अवतीभवती', 'आसपास', दोन्हींत पहिलं पद दुसऱ्यासाठी जन्मलेलं. 'पिग्ली विग्ली' या जातीतलं नाव आहे, 'चहाबिहा'च्या जातीतलं नव्हे.

आणि दुकानात नागमोडी काय होतं? वाट! सॉन्डर्सने दुकानाच्या रचनेचं पेटंट घेतलं, ऑक्टोबर १९१७ मध्ये, 'सेल्फ-सर्व्हिंग स्टोअर' या नावाने. त्याचा नकाशा बघावा. गिऱ्हाईक फिरत्या फाटकातून आत शिरतं आणि फळ्यांच्या रांगांमधून एकाच दिशेने, वळसे घेत, प्रत्येक वस्तूसमोरून जात गल्ल्यापाशी पोचतं. मधूनच कुठे बाहेर पडायची सोय नाही. पंढरपूरची दर्शनबारी डोळ्यांसमोर आणली की पुरे. ज्याने दुकानाची ही वळणावळणाची वाट पेटंट घेण्याइतकी मोलाची मानली, त्याने नावात तीच घातली, असं माझं ठाम मत आहे.

याला पुरावा कोणता, असं विचाराल तर सॉन्डर्सची पुढची नावं. मार्च १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात मंदीवाल्यांना, म्हणजे भाव पडेल या आशेवर उसने शेअर विकणाऱ्यांना, कोंडीत पकडायला त्याने आपल्याच कंपनीचे शेअर उचलत नेले. भाव १२४ डॉलरपर्यंत चढला, बाजाराने व्यवहार थांबवले, मंदीवाल्यांना शेअर परत द्यायची मुदत वाढवून दिली, आणि सॉन्डर्स कर्जात बुडाला. कंपनी गेली. गुलाबी संगमरवराचा अर्धवट बांधलेला वाडाही गेला. तो आज मेम्फिसचं संग्रहालय आहे आणि पहिल्या पिग्ली विग्लीची प्रतिकृती तिथे उभी आहे. पुढे नवी दुकानं काढताना स्वतःचं नाव वापरण्यावरून कोर्टकचेरी झाली, तेव्हा त्याने दुकानाचं नावच 'क्लॅरेन्स सॉन्डर्स, माझ्या नावाचा एकमेव मालक' अशा अर्थाचं ठेवलं. १९३७ मध्ये 'कीडूझल' आलं. काचेमागे नमुने मांडलेले, गिऱ्हाइकाने किल्ली खाचेत घालायची, माल पट्ट्यावरून गल्ल्याकडे येणार. नाव मोठ्याने म्हणून बघा : 'की डझ ऑल', सगळं किल्लीच करते! यंत्रं सारखी बिघडत, म्हणून ते टिकलं नाही. शेवटचा बेत होता 'फूडइलेक्ट्रिक'. तो उभा राहण्याआधीच, १९५३ मध्ये, सॉन्डर्स वारला. यातलं प्रत्येक नाव एक तर मालकाची बाजू सांगतं किंवा दुकान कसं चालतं ते सांगतं. मग पहिलंच नाव तेवढं डुकरांवरून कशाला?

मला सगळ्यांत आनंद देणारी गोष्ट याच्याही पुढे आहे. 'विगल' हा शब्द इंग्रजीत बहुधा डच आणि लो जर्मन बोलींतून आला, 'पाळणा हलवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून, आणि त्याचं मूळ मानतात ते संस्कृत 'वह्'चं भावंड. म्हणजे 'विग्ली' आपल्या 'वाहणे', 'वाहन', 'प्रवाह' यांची दूरची बहीण. इंग्रजी 'वे' आणि 'वॅगन' त्याच घरातले. वाट, तिच्यावरची गाडी आणि वाटेवरची वळवळ एकाच धातूतून! दुकानात गिऱ्हाइकांचा प्रवाह एका वाटेने वाहता ठेवणं हेच सॉन्डर्सचं पेटंट होतं. त्याला संस्कृत धातू ठाऊक असण्याचं कारण नाही, पण शब्द आपली नाती जपून असतात.

राहिला भाषांतराचा प्रश्न. विशेषनामाचं भाषांतर करू नये, आणि 'डुकरांचं दुकान' तर मुळीच नको. 'स्वयंसेवा दुकान' म्हटलं की मराठी कानाला 'स्वयंसेवक' ऐकू येतो, म्हणून 'हाताने माल घ्यायचं दुकान' असं सरळ लिहावं. नाव लिहिताना 'पिगली विगली' असं करू नका, 'पिकली', 'भागली'सारखं क्रियापद वाटतं. 'पिग्ली विग्ली', जोडाक्षर घालून, दोन सुटे शब्द, मध्ये रेघ नको.